विणेकरी दोनदा दिसला म्हणून छायाचित्र खोटं ठरत नाही

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात दिवेघाटातल्या पालखी सोहळ्याचं पानभर रुंदीचं छायाचित्र छापून आलं होतं. त्यावर चारच दिवसांनी याच सदरात एका वाचकाचं पत्र आलं. त्यांनी छायाचित्र फार बारकाईनं पाहिलं आहे. एकच विणेकरी त्यांना दोन ठिकाणी सापडला. तोच फेटा, तोच तुळशीचा हार, छातीशी धरलेली तीच वीणा आणि दोघांमध्ये जेमतेम इंचभर अंतर. एवढ्यावरून त्यांनी निकाल दिला, की हे छायाचित्र संगणकानं रचलेलं आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम आहे, वारीत असं काही घडलेलंच नाही. त्या पत्राखाली आपण खुलासा छापला नाहीत. तो व्हायला हवा होता, म्हणून लिहितो आहे.

ते छायाचित्र मी काढलेलं नाही आणि काढणाऱ्याला मी ओळखतही नाही. पण सासवडला माझा बत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. १९९१ पासून एखाद-दुसरं वर्ष सोडलं तर दरवर्षी मी माऊलींच्या पालखीबरोबर चाललो आहे. कधी सासवडपर्यंत, कधी थेट वाखरीपर्यंत. आणि या सगळ्या वर्षांत मला एकच नाद लागला आहे, चालत्या दिंडीचा सलग, रुंद फोटो काढण्याचा. त्यामुळे तो विणेकरी दोनदा कसा आला, हे मी छायाचित्र पाहताक्षणी सांगू शकलो असतो.

मोबाइलमधला पॅनोरमा, म्हणजे असा सलग रुंद फोटो, हा एका क्षणाचा फोटो नसतो. आपण फोन हळूहळू वळवत नेतो तेव्हा तो समोरच्या दृश्याचे उभे पट्टे टिपत जातो आणि एकाला एक जोडत जातो. डावं टोक टिपलं जातं तेव्हा उजवं टोक अजून टिपायचं असतं. मधे दहा-पंधरा सेकंद जातात. डोंगर, झाडं, देऊळ यांना त्याचं काही नाही, पण दिंडी थांबत नाही. चढावर वारकरी सेकंदाला साधारण एक मीटर पुढे जातो. दिंडी डावीकडून उजवीकडे चालली असेल आणि फोनही तिकडेच वळत असेल, तर एका पट्ट्यात आलेला माणूस दोन सेकंदांत दोन मीटर पुढे सरकून पुढच्या पट्ट्यातही हजर होतो. दहा-बारा मीटरवरून काढलेल्या चित्रात ते दोन मीटर छापील पानावर इंचभर होतात. पत्रलेखकांनी मोजलेलं अंतर नेमकं तेवढंच आहे. म्हणजे आपला छायाचित्रकार रस्त्याच्या कडेला, दिंडीच्या अगदी जवळ उभा होता आणि चालीच्या दिशेनं वळत होता. इतकंच त्या दोन विणेकऱ्यांवरून सिद्ध होतं.

ही गोष्ट मोबाइलनं आणलेली नाही. अमेरिकेत १९०४ साली ‘सर्कट’ नावाच्या कॅमेऱ्याचं पेटंट निघालं. तो घड्याळासारख्या चावीवर स्वतःभोवती फिरायचा आणि आतली फिल्म एका अरुंद फटीमागून सरकत जायची. शाळांचे, पलटणींचे लांबलचक गट-फोटो त्यावर निघत. एखादा चपळ मुलगा रांगेच्या एका टोकाला उभा राही, कॅमेरा पुढे सरकला की सगळ्यांच्या मागून धावत दुसरं टोक गाठी आणि एकाच फोटोत दोन्हीकडे हसताना दिसे. त्या फोटोंना कुणी खोटं म्हटलं नाही. रेसकोर्सवरची फोटो-फिनिशही याच फटीवर चालते. तिथे फट अंतिम रेषेवर रोखलेली असते आणि चित्राची रुंदी म्हणजे निव्वळ वेळ. कोणता घोडा किती मागे, हे त्या चित्रात ज्या अंतरानं दिसतं ते जमिनीवरचं अंतर नसतं, त्या रेषेवर पोचायला त्याला किती उशीर झाला ते असतं. त्यावर निकाल लागतात, पैशांची देवघेव होते.

माझी सुरुवात फिल्मच्या काळातली. पन्नास मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा धरायचा, एक चौकट घेतली की अंगासकट थोडं वळायचं, पुढची घ्यायची. प्रत्येक चौकटीचा तिसरा हिस्सा आधीच्या चौकटीवर चढला पाहिजे. अशा सात चौकटींत सव्वाशे-दीडशे अंशांचा पट्टा मावतो. पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट धुऊन काढायचे, टेबलावर ओळीनं मांडायचे आणि अर्ध्या ब्लेडनं कापून एकमेकांना जोडायचे. हे कापणं सरळ रेषेत करायचं नसतं, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. सरळ कापलं की कुणाचा तरी खांदा, कुणाचा मृदंग, कुणाच्या डोक्यावरची तुळस मधोमध चिरली जाते. मग ब्लेड एकाच्या पाठीमागून, दुसऱ्याच्या पताकेच्या काठीवरून, दोन दिंड्यांच्या मधल्या रिकाम्या रस्त्यावरून नागमोडी फिरवत न्यायचं. शिवण, म्हणजे दोन चौकटींचा जोड, माणसावर पडता कामा नये. रथ असेल तर अधिकच जपायचं. दिवेघाटाच्या चढाला रथाला जादा बैलजोड्या लावतात. ती सगळी रांग एका चौकटीत घेता आली नाही तर मी तो फोटोच सोडून देत असे. चिरलेला बैल पाहवत नाही.

संगणक आल्यावर ब्लेड गेलं. चौकटी आत टाकल्या की दोन मिनिटांत तो पट्टा जोडून देतो, शिवण कुठे घातली ते शोधूनही सापडत नाही. मी सुखावलो होतो. २०१७ साली त्याची किंमत कळली.

आमच्या वरच्या आळीतल्या एक आजी दरवर्षी डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या. पितळी वृंदावन, त्याला लाल दोरा गुंडाळलेला, दोरा पावसानं विटलेला. त्या वर्षी एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून मी मुद्दाम दिंडीच्या उलट दिशेनं वळत चौकटी घेतल्या. त्यानं दुहेरी माणसं टळतात, हे खरंच आहे. पट्टा संगणकानं जोडला, मी पाच फूट लांबीचा प्रिंट काढून दुकानाच्या भिंतीवर लावला. लोक येऊन स्वतःला शोधायचे. पालखी पंढरपूरला पोचून परत फिरल्यावर आजीही आल्या. डाव्या टोकापासून एकेक चेहरा बोट लावत बघत गेल्या. आपल्या पुढची सावत्या माळ्याची पताका धरलेली बाई त्यांना सापडली, मागच्या दोघी जावा सापडल्या. त्यांच्यामध्ये नुसता डांबरी रस्ता होता.

“अरं, मी हितंच हुते की,” त्या म्हणाल्या. “तुज्याकडंच बगत हुते. मग गेले कुठं?”

मी काहीतरी बोललो. रात्री मूळ चौकटी उघडल्या. चौथ्या चौकटीच्या डाव्या कडेला आजी होत्या. एक हात वृंदावनाला, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला, ओठ अर्धवट उघडे, म्हणजे अभंग म्हणत होत्या, आणि डोळे थेट माझ्याकडे. पाचवी चौकट घेईपर्यंत त्या दोन पावलं उजवीकडे गेल्या होत्या. संगणकानं शिवण नेमकी त्या दोन पावलांच्या मधे घातली: चौथीतल्या आजी कापल्या गेल्या आणि पाचवीतल्या आजी घेतल्याच नाहीत. चालीच्या दिशेनं वळलं तर माणूस दोनदा येतो, उलट वळलं तर गळून जातो. दुहेरी माणूस निदान दिसतो तरी, पत्र लिहून कुणी विचारतो तरी. गळलेल्या माणसाची कुणाला खबरही नसते. त्या आजी भिंतीपुढे येऊन उभ्या राहिल्या नसत्या, तर मलाही खबर नसती.

मी ती शिवण हातानं उचलून आजी आणि त्यांच्या मागच्या जावांच्या मधल्या फटीत नेली. पंधरा मिनिटांचं काम होतं. नवा प्रिंट काढला, जुना फाडून टाकला. त्या वर्षापासून मी चालत्या दिंडीचा फोटो चालीच्या दिशेनंच वळून काढतो आणि जोडणी संगणकावर सोडत नाही. आधी त्याला जोडू देतो, मग प्रत्येक शिवणीपाशी दोन्ही चौकटी शेजारी उघडून माणसं मोजतो.

आता थोडं त्यांच्यासाठी, जे वारीत किंवा कुठल्याही प्रवासात हातात फोन घेऊन असं काही करू पाहतात. जवळ जाऊ नका. रस्त्याच्या कडेला पाच मीटरवर उभं राहिलं तर एका सेकंदात माणूस अकरा अंश सरकतो, कुठलाच फोन त्याला पुरा पडत नाही. समोरच्या टेकाडावरून, तीनशे मीटरवरून पाहिलं तर नऊ सेकंदांत तो दोन अंशही सरकत नाही, छापील पानावर चार मिलिमीटर. दिवेघाटातली नागमोडी, ती वळणं आणि खाली मस्तानी तलाव, हे सगळं तिथूनच एका पट्ट्यात येतं. फोन हात लांब करून फिरवू नका. हात लांब केला की फोन स्वतःभोवती न फिरता तुमच्याभोवती फिरतो, आणि जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकतात. फोन जागेवर ठेवून तुम्ही त्याच्याभोवती फिरा. मी कॅमेऱ्याला खाली गवंड्याचा ओळंबा बांधतो. दोरी कमरेपर्यंत नाही, पार जमिनीपर्यंत. टोक एका खड्यावर आणतो आणि सात चौकटी होईपर्यंत ते त्या खड्यावरून हलू देत नाही. वारीत तिपाई घेऊन कुठे फिरणार? ओळंबा खिशात मावतो.

आणि प्रकाश बांधून घ्या. आषाढाच्या तोंडावर ढग आणि ऊन यांचा लपंडाव चालू असतो. प्रत्येक चौकटीत कॅमेऱ्यानं आपल्या मनानं उजेड ठरवला की आकाशाला पट्टे पडतात. फोनवर एका जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोन तो प्रकाश धरून ठेवतात.

आगगाडीच्या खिडकीतून पॅनोरमा काढणारे खूप आहेत. कोकण रेल्वेत मीही केलं आहे. तिथे जवळचे खांब झरझर जातात आणि लांबचे डोंगर जागचे हलत नाहीत, त्यामुळे एकाच पट्ट्यात खांब काडीसारखे आणि डोंगर ताणलेले येतात. गंमत म्हणून ठीक, पण मला त्यात रस वाटला नाही.

खरा कस रिंगणात लागतो. गोल रिंगण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको: मधे पालखी, भोवती टाळकरी, मग मोकळी गोल धाव, आणि तिच्या बाहेर हजारो माणसं. आधी पताकावाले धावतात, तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. मग अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व सुटतात. एकावर स्वार, हातात पताका. दुसरा रिकामा, कारण त्यावर माऊली बसलेल्या असतात. लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. बाजीरावाच्या विहिरीच्या रिंगणात एका वर्षी मी फोन घोड्याच्या उलट वळवला, तर अश्व शिंगराएवढा आखूड आला. दुसऱ्या वर्षी त्याच्याबरोबर वळवला. वळण जमलं तोवर अश्व लांबत गेला, आणि जिथे माझा हात अडखळला तिथे त्याचे तुकडे झाले, एकीकडे आयाळ आणि हातभर पुढे शेपूट. माऊलींचा अश्व असा पाहून मला बरं वाटलं नाही. मी ते फोटो त्याच दिवशी काढून टाकले.

मग रीत बदलली. जो धावतो आहे त्याला आधी घ्यायचं. कॅमेरा एका जागी रोखून ठेवतो, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर. अश्व चौकटीत पुरा आला, चारही पाय, पताका, उडालेली माती सगळं, की तेवढी एक चौकट. आणि लगेच, न थांबता, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. उरलेल्या चौकटींत अश्व निघून गेलेला असतो किंवा पुन्हा येतो, तिथे तो घ्यायचा नाही. शिवणी उभ्या असलेल्या लोकांमधून जातात, धावणाऱ्यावरून एकही जात नाही. कुणी म्हणेल, ही देखील रचनाच झाली. झाली. अश्व जिथे दिसतो तिथे तो त्या क्षणी होता, आणि डाव्या टोकाचा म्हातारा टाळ वर करून उभा होता तो त्यानंतर पाच सेकंदांनी. दोन्ही गोष्टी घडल्या. पाच वेगवेगळ्या वेळचे पाच अश्व एकाच रिंगणात बसवलेलं एक चित्रही मी एकदा केलं, फेरी कशी पुरी होते ते दिसावं म्हणून. फार देखणं झालं. ते माझ्या घरात आहे. वर्तमानपत्राला मी ते कधी पाठवलं नाही आणि पाठवणार नाही. पाहणाऱ्याला वाटेल, पाच घोडे धावले.

मर्यादा कुठे, हे मला एवढंच कळतं. उजेड सारखा करणं, क्षितिज सरळ करणं, दुहेरी आलेल्या माणसाचं एक रूप काढून एक ठेवणं, हे चालेल. जो माणूस तिथे चालत होता त्याला पुसणं चालणार नाही, मग चित्र कितीही स्वच्छ होवो. आजकाल फोनमध्येच ‘नको असलेलं पुसा’ अशी सोय आली आहे. वारीच्या फोटोत लोक तिचा वापर करताना मी पाहिला आहे: रस्त्यावर पडलेली प्लॅस्टिकची पत्रावळ पुसतात, तिथपर्यंत मी गप्प बसतो. मग छत्री पुसतात, मग डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला माणूस पुसतात, कारण तो शोभत नाही. पोत्याची खोळ घेतलेला माणूस आळंदीपासून चालत आलेला असतो.

म्हणून आपल्याला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. असं रुंद छायाचित्र छापताना खाली एक ओळ द्या: किती चौकटी, किती सेकंद, कुठल्या दिशेनं. छायाचित्रकाराला हे माहीत असतं, विचारायला एक फोन पुरे. ती ओळ रविवारी असती, तर त्या वाचकाला शंका आली नसती आणि एका माणसाच्या मेहनतीवर खोटेपणाचा शिक्का बसला नसता. दुसरं, वाचकांकडून वारीची छायाचित्रं मागवता तेव्हा जोडलेल्या पट्ट्याबरोबर मूळ चौकटीही मागवा. पट्ट्यातून कोण गळलं, हे त्याशिवाय तपासता येत नाही.

या पत्राबरोबर यंदाच्या घाटाचा माझा पट्टा आणि त्याच्या सातही मूळ चौकटी पाठवतो आहे. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या शिवणीवर एक मृदंगवाला आहे, त्याचा डावा पाय दोन्हीकडे येत होता; मी चौथीतला ठेवला आहे, ताडून पाहावा. आपण छापणार असाल तर खालची ओळ लिहून देतो:

‘दिवेघाट, सकाळपासून दाटून आलेलं आभाळ. सात चौकटी, नऊ सेकंद, डावीकडून उजवीकडे, दिंडीच्या चालीच्या दिशेनं.’

आपला,
एक वाचक
सासवड, ता. पुरंदर, जि. पुणे